तेर्खीन त्सागानच्या काठावरून आर्लिंग्टनला : एका मंगोलियन शेजारणीच्या आठवणी लिहून घेताना

वॉशिंग्टन शहराच्या पलीकडे, पोटोमॅक नदी ओलांडली की लागणाऱ्या आर्लिंग्टन काउंटीत मंगोलियातून आलेल्या लोकांची मोठी वस्ती आहे. येथील सरकारी शाळा पालकांसाठी जी माहिती काढतात ती इंग्रजीबरोबर स्पॅनिश, अम्हारिक, अरबी आणि मंगोलियन भाषांतही मिळते, यावरून त्या वस्तीचा अंदाज यावा. आमच्याच मजल्यावर असे एक कुटुंब राहते. त्यातल्या आजी सत्तरीच्या घरात आहेत आणि आयुष्यभर त्यांनी पशुवैद्य म्हणून काम केले आहे. २०२३ च्या शरद ऋतूत त्यांच्या लेकीने मला विचारले की आईच्या आठवणी इंग्रजी आणि मंगोलियन अशा दोन्ही भाषांत लिहून ठेवायच्या आहेत, तिचे स्वतःचे दिवस नोकरीत जातात, तर मी काही मदत करू शकेन का. माझ्या दुपारी मोकळ्या होत्या आणि त्या आजींशी जिन्यात, धुण्याच्या खोलीत, बसथांब्यावर झालेल्या ओळखीमुळे मला त्यांच्याविषयी आस्थाही होती. त्यानंतरचा हिवाळा आणि वसंत आजी, त्यांची शाळकरी नात आणि मी अशा तिघींनी हे काम केले. कुटुंबाच्या इच्छेनुसार मी नावे देत नाही. मी आजींना ‘एग्च’ म्हणते. मंगोलियात थोरल्या बहिणीला आणि वयाने मोठ्या असलेल्या कोणत्याही स्त्रीला असेच म्हणतात.

एग्चना मंगोलियन आणि रशियन उत्तम येते, इंग्रजी मात्र व्यवहारापुरतेच येते. त्या बोलत, नात ते इंग्रजीत सांगे, मी वहीत उतरवून घेई, आणि सुट्टीच्या दिवशी लेक ध्वनिमुद्रण ऐकून सगळा मजकूर मंगोलियनमध्ये, म्हणजे १९४० च्या दशकापासून तेथे रूढ झालेल्या सिरिलिक लिपीत, लिहून काढी. नात जिथे अडखळे ती जागा बहुधा जनावरांच्या रंगाची, गवताची किंवा आजाराची असे. अशा वेळी एग्च पेन्सिल घेऊन चित्र काढत, आणि मेंढीचा खूर किंवा याकची पाठ त्यांच्या हातून इतकी अचूक उतरे की शब्दाची गरजच उरत नसे. कालगणनेची अडचण वेगळी होती. त्या वर्षे इसवी सनात सांगत नसत, बारा प्राण्यांच्या चक्रात सांगत. त्यांचा जन्म घोड्याच्या वर्षातला, म्हणजे १९५४ चा. मंगोलियन वर्ष फेब्रुवारीच्या सुमारास बदलते, त्यामुळे जानेवारीत घडलेली गोष्ट मागच्या प्राण्याच्या खात्यात जाते. नातीने त्याचा एक तक्ता करून भिंतीवर लावला आणि प्रत्येक नोंद आम्ही आधी प्राण्याच्या वर्षात व मग सनात लिहू लागलो.

तुमचे घर नेमके कोठे होते, असे मी विचारले तेव्हा एग्चनी कागदावर एक नदी काढली आणि तिच्या आसपास चार वर्तुळे काढली. अर्खांगाय प्रांतातला तारियात हा त्यांचा मुलूख. खांगाय पर्वतरांगेतल्या या भागात खोर्गो नावाचा विझलेला ज्वालामुखी आहे आणि त्याच्या लाव्ह्याने नदी अडून तयार झालेले तेर्खीन त्सागान नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. पहिले वर्तुळ हिवाळ्याच्या तळाचे, डोंगराच्या कुशीत, उत्तरेचा वारा लागणार नाही अशा उतारावर. दुसरे वसंतातले, जिथे मेंढ्या-शेळ्या वितात. तिसरे उन्हाळ्यातले, पाण्याजवळ. चौथे शरदातले, जिथे हिवाळ्यापूर्वी जनावरांच्या अंगावर मांस चढावे म्हणून चांगले गवत राखलेले असते. माझे स्वतःचे बालपण वाईजवळच्या गावात, दगडी जोत्याच्या घरात गेले. त्यामुळे घर आठवायचे म्हणजे एक ओटी, एक माजघर, एक परसदार आठवायचे, हेच मला ठाऊक होते. एग्चच्या बाबतीत आठवण चार ठिकाणी विखुरलेली होती आणि तरी त्यांना त्यात कसलीही तूट जाणवत नव्हती, कारण लोकरीच्या जाड नमद्याचा तो गोल तंबू, ज्याला ते गेर म्हणतात, चारही ठिकाणी आतून तंतोतंत तसाच उभा राही.

तो कसा, हे सांगण्यासाठी त्यांनी एक दिवस दिवाणखान्यातले टेबल बाजूला करायला लावले आणि गालिच्यावर चिकटपट्टीने वर्तुळ आखून घेतले. दार दक्षिणेला. मध्यभागी चूल, आणि तिच्या दोन बाजूंना छताचे गोल कडे तोलून धरणारे दोन खांब, ज्यांच्या मधून कोणी जायचे नाही. आत आल्यावर डावीकडची, म्हणजे पश्चिमेची बाजू पुरुषांची आणि पाहुण्यांची. खोगीर, लगाम आणि घोडीचे दूध आंबवण्याची कातड्याची पिशवी तिकडेच. पूर्वेची बाजू बायकांची, भांड्यांची, पाण्याची. दारासमोरची उत्तरेची जागा मानाची, तिथे देव आणि वडीलधारी. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही. चुलीकडे पाय करायचे नाहीत, विस्तवात कचरा किंवा पाणी टाकायचे नाही. वरच्या कड्यातून येणारी उन्हाची तिरीप भिंतीवरून सरकत जाते आणि तिच्यावरून वेळ कळते. एवढे सांगून त्यांनी मला पश्चिमेला बसवले, नातीला उत्तरेच्या अलीकडे, आणि स्वतः पूर्वेला, चुलीच्या बाजूला जाऊन बसल्या.

त्या जागी बसल्यानंतर त्या ज्या रीतीने बोलू लागल्या तशा त्याआधी कधीच बोलल्या नव्हत्या. तोपर्यंत आम्हाला मिळत होती ती माहिती होती, आणि ती बरीचशी कोणत्याही पुस्तकात सापडली असती. आता पहाटे उठून चूल पेटवणे आले, सुकलेल्या शेणाचा जाळ लाकडाच्या जाळापेक्षा कसा वेगळा असतो ते आले. ते शेण आपल्याकडच्या गोवऱ्यांप्रमाणे थापत नाहीत, रानात वाळलेले तसेच वेचून आणतात, आणि लहानपणी पाठीवर टोपली घेऊन ते वेचण्याचे काम एग्चकडे होते. विटेसारख्या घट्ट दाबलेल्या चहाचा तुकडा फोडून, पाण्यात उकळून, दूध आणि मीठ घालून तो पळीने वरून पुन्हा पुन्हा ओतायचा, पहिला हिस्सा बाहेर जाऊन आकाशाला आणि दिशांना शिंपडायचा, मगच घरच्यांना द्यायचा. हे सांगताना त्यांचा उजवा हात पळी धरल्यासारखा हलत होता. त्या दिवसापासून आम्ही प्रश्नांची रीत बदलली. काय आठवते असे न विचारता, या ऋतूत, या वेळी तुमच्याकडे कोणते काम असे, असे विचारू लागलो.

परदेशी गेलेल्या माणसाच्या आठवणी म्हटले की चवी, सण आणि निसर्ग यांची यादी अपेक्षिली जाते. मला या कामात जे दिसले ते निराळे होते, आणि ते मी आग्रहाने नोंदवू इच्छिते. एग्चना सर्वांत अधिक उणीव भासत होती ती त्यांच्यावर असलेल्या जबाबदाऱ्यांची. त्यांना मिळत असलेल्या सुखांची आठवण त्या मानाने थोडी होती. कोणाची मेंढी अडली म्हणून रात्री बोलावणे यावे, थंडीने काकडलेला अनोळखी प्रवासी दारात उतरावा आणि काही न विचारता त्याच्यापुढे चहा ठेवावा लागावा, नोव्हेंबरात हिवाळ्याचे मांस कापले की कोणाकडे किती द्यायचे याचा हिशेब डोक्यात असावा, हे सगळे त्यांच्या दृष्टीने घर होते. इथे लेक-जावई त्यांची उत्तम काळजी घेतात. परंतु दिवसाच्या कोणत्याही वेळी आपल्यावाचून कोणाचे अडलेले नाही, ही गोष्ट त्यांना जड जात असे.

दाराचेच उदाहरण घेता येईल. मंगोलियाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सुमारे पाचपट आहे आणि लोकसंख्या जेमतेम ३५ लाख, त्यातले जवळजवळ निम्मे लोक एकट्या उलानबातर या राजधानीत. उरलेल्या मुलुखात एका गेरपासून दुसरा गेर कित्येकदा नजरेच्याही पलीकडे असतो, आणि हिवाळ्यात रात्री पारा उणे ३० अंशांखाली जातो. अशा ठिकाणी दार न उघडणे म्हणजे माणसाचा जीव घेणे. म्हणून तेथे दार वाजवण्याची पद्धत नाही. येणारा लांबूनच ‘कुत्रा धरा’ अशी हाक देतो आणि सरळ आत येतो. पहिला प्रश्न त्याच्या कामाचा नसतो, जनावरे सुखाने हिवाळा काढत आहेत ना, असा असतो, आणि त्याचे उत्तरही संकट असले तरी ‘छान चालले आहे’ असेच असते. खरी बातमी चहाचा पहिला वाडगा संपल्यावर निघते. आर्लिंग्टनला आल्यावर एग्चनी सकाळी केलेला चहा थर्मासमध्ये भरून ठेवण्याची सवय चालू ठेवली, आणि कित्येक महिने तो थर्मास संध्याकाळी तसाच रिकामा करावा लागला. येथे येणारा आठवडाभर आधी कळवून येतो. मी दुपारची न कळवता त्यांच्याकडे जाऊ लागले, कारण आमच्याही गावाकडे तीच रीत होती, आणि पुढे त्यांच्या लेकीने मला सांगितले की आठवणी लिहून घेण्यासाठी माझेच नाव आईने सुचवले ते त्यामुळेच.

नावाचा प्रश्न याहून वेदनेचा होता. मंगोलियन माणसाला आपल्या अर्थाने आडनाव नसते. वडिलांचे नाव आणि स्वतःचे नाव एवढेच व्यवहारात असते, आणि हाक नेहमी स्वतःच्या नावाने मारली जाते. जुनी कुलनावे १९२० च्या दशकात मोडीत निघाली. समाजवादी राजवट गेल्यावर नोंदणीसाठी ती पुन्हा धारण करायला सांगितले गेले, तेव्हा असंख्य लोकांनी चंगीझ खानाचे बोर्जिगिन हे कुलनाव घेतले. तरीही रोज वापरात ती नाहीतच. अमेरिकेतल्या अर्जांवर आडनावाचा रकाना असतो आणि त्यात वडिलांचे नाव जाते. एका दवाखान्यात बाहेर बसलेल्या असताना परिचारिकेने एग्चच्या वडिलांचे नाव मोठ्याने पुकारले. मंगोलियात आईवडिलांचे नाव मुलांनी उच्चारू नये आणि गेलेल्या माणसाचे नाव घेणे टाळावे असा दंडक आहे. ज्यांचे नाव त्यांनी स्वतः कधी तोंडून काढले नव्हते त्या वडिलांना एक अनोळखी आवाज सगळ्यांसमोर हाका मारत होता. त्या उठल्या नाहीत. लेकीने हाताला धरून आत नेले. नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या आणि घ्यायचेच झाले तर उखाण्यात गुंफणाऱ्या बायकांमध्ये मी वाढलेली असल्यामुळे हा प्रसंग मला समजावून सांगावा लागला नाही. पण नातीला तो ठाऊकच नव्हता. वहीत तो लिहिताना तिने प्रथमच पणजोबांचे नाव काय होते हे विचारले, आणि एग्चनी ते उच्चारले नाही, कागदावर लिहून दिले.

काही भेद मात्र सहज मावळले. एकदा मेट्रोत गर्दीत एग्चचा पाय एका तरुणाच्या पायावर पडला आणि त्यांनी तत्काळ त्याचा हात हातात घेतला. तो गोंधळला. त्यांच्याकडे पाय लागला तर हात मिळवून मन स्वच्छ करतात, आपल्याकडे पाय लागलेल्याला हात लावून नमस्कार करतात. मी त्या तरुणाला थोडक्यात कारण सांगितले आणि तो पुढच्या स्थानकापर्यंत त्यांचा हात धरून उभा राहिला.

डिसेंबरात आम्ही झुदच्या प्रकरणाला हात घातला. झुद म्हणजे जनावरे मोठ्या संख्येने मारणारा हिवाळा. उन्हाळा कोरडा जातो, गवत वाढत नाही, जनावरे अशक्त अवस्थेतच हिवाळ्यात शिरतात, आणि मग बर्फाचा जाड थर उरलेले गवतही झाकून टाकतो. याला पांढरा झुद म्हणतात. बर्फच पडले नाही तर जनावरांना चाटायला पाणी राहत नाही, तो काळा. बर्फ वितळून पुन्हा गोठले की जमिनीवर जे कवच तयार होते ते खुरांनी फुटत नाही, तो लोखंडी. १९९९ पासून सलग तीन हिवाळे असे गेले. त्याच्या आधीच्या दशकात सरकारी पशुपालन सहकारी संस्था मोडून जनावरे लोकांना वाटून दिली गेली होती, आणि त्याबरोबर चाऱ्याचे साठे, गावोगावची पशुवैद्यकीय व्यवस्था हेही ढासळले होते. एग्चचा पगार थांबला, काम थांबले नाही. पुढे बैलाच्या वर्षाच्या अखेरीस, म्हणजे २००९-१० च्या हिवाळ्यात, देशातली सुमारे एकपंचमांश जनावरे मेली. एग्चनी त्या हिवाळ्याविषयी सांगितलेले मी शक्य तितके त्यांच्याच क्रमाने लिहिले आहे. आधी शेळ्या गेल्या, मग मेंढ्या, मग गायी. गोठ्यात जनावरे एकमेकांवर पडलेली सापडत. औषधाची पेटी घेऊन त्या घरोघर गेल्या, पण भुकेवर औषध नसते. वसंतात बर्फ उतरल्यावर मृत जनावरे गोळा करून पुरण्याचे काम करावे लागले, ते रोगराई पसरू नये म्हणून. त्या कामात त्या अखेरपर्यंत होत्या आणि ते संपल्यावर सगळे सोडून उलानबातरला थोरल्या मुलाकडे गेल्या. शहराच्या टेकड्यांवर पसरलेल्या गेरांच्या वस्तीत, दगडी कोळशाच्या धुरात त्यांची पुढची वर्षे गेली. त्या वर्षांविषयी त्यांनी फारसे सांगितले नाही आणि आम्हीही ओढून काढले नाही.

हे सगळे आम्ही लिहीत असतानाच मंगोलियातून पुन्हा झुदच्या बातम्या येऊ लागल्या. २०२३-२४ चा हिवाळा देशाच्या मोठ्या भागात भीषण ठरला आणि लाखो जनावरे दगावली. एग्चचा धाकटा भाऊ तारियातमध्येच आहे. संध्याकाळी त्याचा फोन येई, तेव्हा तिकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ झालेली असे, कारण दोन्ही ठिकाणच्या वेळेत हिवाळ्यात १३ तासांचे अंतर आहे. फोनवर तोही आधी सगळे छान आहे असेच म्हणे, आणि मग हळूहळू आकडे सांगे. कोणत्या मेंढीला आत घ्यावे, चारा कसा पुरवावा, हे एग्च त्याला सांगत. त्या रात्री त्यांना झोप लागत नसे, परंतु लेकीचे आणि माझेही निरीक्षण असे की दिवसा त्या अधिक जाग्या, अधिक सावध दिसू लागल्या होत्या.

फेब्रुवारीत त्सागान सार, म्हणजे चांद्र नववर्ष आले. २०२४ मध्ये ते १० तारखेला होते. समाजवादी काळात हा सण पशुपालकांचा दिवस या नावाखालीच करता येई, १९९० नंतर तो पुन्हा उघडपणे सुरू झाला. तयारी दोन आठवडे आधीपासून चालते. लांबट तळलेले केक विषम संख्येच्या थरांत रचतात, आणि त्यावर दुधाचे वाळवलेले पदार्थ. तीन थर की पाच की सात, हे घरातल्या ज्येष्ठाच्या मानावर ठरते. खरे श्रम बूझचे असतात. मैद्याच्या पातळ पारीत बारीक चिरलेले मटण, चरबी आणि कांदा भरून, कडा चुण्या पाडत गोळा करून ते वाफवतात. शेकड्यांनी करून ठेवावे लागतात, कारण किती पाहुणे येतील हे कोणी ठरवत नाही. मी मांस खात नाही, पण उकडीच्या मोदकाच्या कळ्या पाडण्याचा हात मला आहे, आणि बूझच्या चुण्या त्याच हाताने पडतात. फरक एवढाच की बूझचे टोक वाफेसाठी उघडे ठेवतात. मी पाऱ्या मिटत गेले. तिकडे हे सगळे घराबाहेर ठेवले की दगडासारखे गोठते. व्हर्जिनियाचा फेब्रुवारी त्यासाठी पुरेसा थंड नसतो, तेव्हा त्यांचा फ्रीझर भरल्यावर उरलेले थाळे आमच्या फ्रीझरमध्ये आले. आमच्या घरात मटण पहिल्यांदाच आले, आणि ते आणण्याबद्दल मला किंवा माझ्या नवऱ्याला क्षणभरही संकोच वाटला नाही. एग्चनी माझ्यासाठी बटाटा आणि कोबीचे बूझ वेगळे केले. मटणाविषयी त्यांची एकच तक्रार होती, की येथील मेंढी धान्यावर वाढते, तिच्या मांसाला रानकांद्याचा वास नसतो. वाळवलेले मांस तिकडून मागवता येत नाही, सीमेवर ते आत येऊ देत नाहीत.

अमावस्येच्या संध्याकाळी त्यांनी गॅलरीत दाराशी बर्फाचे तीन खडे ठेवले. त्या रात्री देवी पाल्देन ल्हामो खेचरावरून फिरते आणि खेचराला तहान लागते, अशी श्रद्धा आहे. सकाळी सगळ्यांनी पायघोळ रेशमी देल घातले. वयाने लहान असलेल्याने दोन्ही तळहात वर करून मोठ्याच्या कोपरांखाली आधार द्यायचा, मोठ्याने त्याच्या गालाचा वास घ्यायचा, अशी त्या दिवशीच्या भेटीची रीत आहे. आसपासच्या मंगोलियन कुटुंबांत एग्च वयाने सर्वांत मोठ्या असल्यामुळे सगळे त्यांच्याकडे आले, मान देण्यासाठीचे निळे रेशमी वस्त्र, खादग, हातांवर पसरून, लहान मुलांसह, दिवसभर. कोणीही आधी कळवले नव्हते. सकाळचा चहा दुपारपर्यंत संपून पुन्हा करावा लागला. आमच्या फ्रीझरमधले थाळे त्याच दिवशी परत गेले.

एप्रिलात वहीचे काम पूर्ण होत आले, तेव्हा एग्चनी एक प्रकरण वाढवायला सांगितले. रात्री जन्मलेले अशक्त कोकरू कसे वाचवावे, याचे. आधी ते कोरडे करून चोळावे, नमद्यात गुंडाळून चुलीपासून हातभर अंतरावर ठेवावे, पहिले चीक-दूध लवकरात लवकर पोटात जाईल असे पाहावे, चोखत नसेल तर ते कोमट करून थोडे थोडे द्यावे. मेंढी पिल्लाला जवळ करत नसेल तर पिल्लाच्या अंगाला मीठ लावावे, म्हणजे ती चाटू लागते, आणि तिच्याजवळ बसून ‘तोइग, तोइग’ असे संथ सुरात गात राहावे. नातीने विचारले की व्हर्जिनियात याचा कोणाला उपयोग होणार. एग्च म्हणाल्या की पुस्तक कोठे जाईल हे आज कसे सांगता येईल, आणि प्रकरण तसेच ठेवायला लावले. तोइगचा सूर लिहिता येत नाही म्हणून नातीने त्याचे ध्वनिमुद्रण वेगळे करून ठेवले आहे. छापलेल्या वहीची एक प्रत उन्हाळ्यात एका नातेवाइकाबरोबर तारियातला गेली. भावाच्या सुनेने ती वाचून दोन दुरुस्त्या कळवल्या आहेत. एक शरदातल्या तळाच्या जागेविषयी आहे आणि दुसरी कोमट दूध किती वेळाने द्यायचे याविषयी. पहिली एग्चना मान्य आहे. दुसरीवर त्यांचा आणि सुनेचा फोनवर वाद चालू आहे, आणि तो मिटेपर्यंत मराठीत हे प्रकरण मी जसे होते तसेच दिले आहे.